ज्याचं गाऱ्हाणं त्याने घालायचं नसतं

४ सप्टेंबर २०१७, सोमवार

विनोदिनीने बजावलं आहे की समुपदेशन करणाऱ्याने रोजनिशी ठेवलीच पाहिजे. समोरच्याचं काय झालं ते नव्हे, आपल्याला काय वाटलं ते लिहायचं. ती आठवीत असताना एका निबंधात 'मला वाटले' सात वेळा आलं म्हणून मी तिची वही परत केली होती. आता ती मानसशास्त्राची डॉक्टर आहे, माझ्या कामावर देखरेख तिची आहे, आणि वही माझी. ठीक आहे.

मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं झाली. समुपदेशनाची पदविका गेल्या वर्षी घेतली. हे गेल्यानंतर घर मोठं वाटायला लागलं म्हणून नव्हे. रिकामं बसणं मला मुळात आवडत नाही. डिचोलीच्या बाजारात वाचनालयाच्या माडीवर एक खोली मिळाली आहे, सोमवारी आणि गुरुवारी, दहा ते एक. दोन खुर्च्या मी टेबलाच्या दोन बाजूंना मांडल्या होत्या. विनोदिनीने टेबल भिंतीला लावलं आणि खुर्च्या तिरक्या ठेवल्या. त्यामुळे माणूस समोर बसतो की निघाला आहे, ते कळत नाही.

आज एक नवा माणूस आला. खरं नाव लिहायचं नाही असा नियम आहे, म्हणून त्याला पांडुरंग म्हणते. वय एकसष्ट. गाव तुयेच्या पलीकडे, पेडण्यात. दोन बस बदलून डिचोलीला आला, कारण म्हापशात ओळखीचे भेटतात. सून कमल हिने डॉक्टरची चिठ्ठी दिली होती: घसा तपासला, दोष नाही.

खुर्चीच्या कडेवर बसला, छत्री गुडघ्यांमध्ये. पन्नास मिनिटांत चार वाक्यं बोलला, त्यांतली दोन बसबद्दल. मी अकरा प्रश्न विचारले. जाताना पिशवीतून पडवळ काढून टेबलावर ठेवलं. आमच्याकडून भेटवस्तू घेतली जात नाही, असं सांगून मी ते परत केलं. त्याने निमूटपणे पिशवीत घातलं.

मला काय वाटलं: पुढच्या वेळी तो वेळेवर यावा.

७ सप्टेंबर, गुरुवार

आज कुणी आलं नाही. दुपारी नार्व्याला घरी परतले. परसातल्या बारा खड्ड्यांत पाणी भरलं आहे. कुळागराचं, म्हणजे परसातल्या पोफळीच्या बागेचं, काम करायला सावंतवाडीकडली गंगा येते. ती म्हणाली, "बाई, डास झाले हत. बुजवून टाकू ना एकदाचे?" मी म्हटलं, सध्या नको. दर मे महिन्यात मी तिच्याकडून ते खड्डे साफ करून घेते, आणि दर पावसाळ्यात ती हेच विचारते. तीन वर्षांत तिला दुसरा प्रश्न सुचलेला नाही.

११ सप्टेंबर, सोमवार

पांडुरंग आला, पाच मिनिटं आधी. आज त्याचं दुखणं कळलं.

त्याच्या गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराकडे आहे. ज्याला काही मागायचं असेल तो नारळ घेऊन उभा राहतो, आणि त्याच्या वतीने पांडुरंग देवाशी बोलतो. याची म्हैस आटली आहे, हिचं लग्न अडलं आहे, याचा मुलगा बोटीवर गेला आहे, सांभाळ कर. जमलेले लोक दर वाक्याला 'होय महाराजा' म्हणतात. ज्याचं गाऱ्हाणं त्याने ते स्वतः घालायचं नसतं. बापाच्या मागे तेवीस वर्षं हा गावाच्या वतीने बोलत आला आहे.

गेल्या वर्षभरात देवापुढे उभं राहिलं की त्याचा घसा बंद होतो. शब्द येत नाहीत. इतर वेळी आवाज खणखणीत आहे. "शेजाऱ्याचे ढोर हाकूक येता, बाई," तो म्हणाला. "देवाक हाक मारूक येणा नाय."

चतुर्थी कशीबशी पार पडली, कारण ती घरची. पण मार्गशीर्षातली जत्रा २८ नोव्हेंबरला आहे. त्या दिवशी सकाळी सगळ्या गावाचं गाऱ्हाणं असतं. तोवर जमलं नाही, तर मान चुलतभाऊ गोकुळदास याच्याकडे जाणार. गोकुळदास आतापासून मोबाईलवर स्वतःचा आवाज भरून ऐकतो आहे. मान गेल्याचं दुःख आहे का, असं विचारलं. म्हणाला, मानाचं एवढं नाही. गोकुळदासाला लोकांची नावं पाठ आहेत, पण कुणाचं काय दुखतं ते ठाऊक नाही.

हे उत्तर चांगलं होतं. मी त्याला घरी करायला काम दिलं: रोज अर्धं पान लिहायचं. आज पुन्हा पडवळ आणलं होतं. पुन्हा परत केलं.

१८ सप्टेंबर, सोमवार

आला नाही. कळवलंही नाही.

२१ सप्टेंबर, गुरुवार

विनोदिनीकडे. सगळं सांगितल्यावर तिने आधी पडवळाबद्दल विचारलं. मी नियम सांगितला. ती म्हणाली, "टीचर, जो माणूस जन्मभर दुसऱ्यांचा नारळ देवापुढे ठेवत आला, त्याला तुम्ही दोनदा हात हलवत परत पाठवलंत." आणि मी प्रश्न विचारते ते परीक्षेत विचारावेत तसे विचारते, असंही म्हणाली. मी म्हटलं, उत्तरं मिळाली की झालं. ती म्हणाली, मिळाली का?

शाळेत ही मुलगी वर्गात बोट वर करत नसे.

२५ सप्टेंबर, सोमवार

आला. काम केलेलं नाही. चौथी शिकलेला आहे, लिहायची सवय नाही, हे त्याने आज सांगितलं. मी आधी विचारायला हवं होतं.

पिशवी दाराबाहेर ठेवली होती. मी म्हटलं, ती आत आणा. पडवळ घेतलं, टेबलावर ठेवलं. तो खुर्चीत मागे टेकून बसला. तिसऱ्या बैठकीत पहिल्यांदा त्याची पाठ खुर्चीला लागली. मग तो आपल्या बापाबद्दल बोलत राहिला, वीस मिनिटं, मी एकही प्रश्न न विचारता, आणि ते काही सोपं नव्हतं.

२ ऑक्टोबर, सोमवार

गांधी जयंतीची सुट्टी, पण शिपायाने खोली उघडून दिली. खुर्चीत बसता बसता पांडुरंगाने विचारलं, भाजी कशी झाली? मी सांगितलं: मीठ जास्त पडलं, अर्धी टाकावी लागली. तो मोठ्याने हसला. इतका की खालून वाचनालयाचा शिपाई जिन्यापर्यंत आला.

"बरी झाली म्हटला असतात तर मी आज लवकर गेलो असतो," तो म्हणाला. "तुमका खोटा बोलूक येणा नाय, ता कळला."

मला काय वाटलं: बरं वाटलं. तसंच लिहिते, कारण हे विनोदिनी वाचणार नाही. माझ्या खरं बोलण्याबद्दल कुणी हसल्याचं मला फारसं आठवत नाही.

९ ऑक्टोबर, सोमवार

आज त्याने सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहून ठेवते.

गावातल्या जानकीचा नवरा विठू गेल्या वर्षी आजारी होता. पोटाचं दुखणं. फेब्रुवारीत जानकी कौल घ्यायला देवळात आली. कौल म्हणजे देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. जानकीचा प्रश्न होता, माणूस बरा होईल का. पाकळ्या पांडुरंगानेच लावल्या, मूर्तीजवळ तोच होता. डावी पडली. त्याने मागे वळून पाहिलं. जानकी पदर पसरून उभी होती. त्याने सांगितलं, "उजवो दिल्यान देवान."

तेवीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. विठू जूनमध्ये गेला. जानकी अजून दर सोमवारी देवाला हार आणते आणि म्हणते, देवाने चार महिने तरी दिले. ती हार घेऊन आली की याचा घसा आवळतो. पुढे पुढे ती नसली तरी आवळायला लागला.

हे सांगताना तो छत्रीच्या मुठीकडे बघत होता. त्याचं बोलणं संपलं आणि मी म्हटलं, "मग जा आणि तिला खरं सांगा." मी आणखी सांगितलं, की खोटं जितके दिवस ठेवाल तितकं वाढतं, माणसाला खरं कळण्याचा हक्क असतो, दया वगैरे सबबी आहेत. आवाज थोडा चढला असेल.

तो उठला. "येतंय, बाई," म्हणाला, आणि वीस मिनिटं आधीच जिना उतरला. पिशवी विसरला. आत तांबडी भाजी होती, चांगली बांधलेली जुडी.

माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. मी स्वतः तेच केलं आहे. ह्यांच्या वेळी डॉक्टरने मला बाहेर व्हरांड्यात सांगितलं, तीन महिने. संध्याकाळी ह्यांनी विचारलं, काय म्हणाला. मी सांगितलं, तीन महिने. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मी ह्यांच्याशी कधी खोटं बोलले नव्हते, तेव्हाच का बोलावं? ह्यांनी ऐकून घेतलं. शांतपणे. त्या आठवड्यात पोफळीची बारा रोपं यायची होती, खड्डे ह्यांनी स्वतः उभं राहून खणून घेतले होते. दुसऱ्या दिवशी रोपवाटिकेला फोन करून नको म्हणून सांगितलं. पोफळीला फळ धरायला सहा वर्षं लागतात, एवढंच म्हणाले. शेवटपर्यंत शांत होते. जेवायला बोलवलं की येऊन बसत. रेडिओ लावत नसत, पण आवाज सोसत नसेल.

तांबडी भाजी केली. मीठ बेताचं घातलं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

विनोदिनीला सांगितलं, अर्थात ह्यांची गोष्ट वगळून. ती म्हणाली, "टीचर, 'खरं सांगा' हे तुम्ही नक्की कुणाला सांगत होतात?" मी म्हटलं, खोलीत आणखी कोण होतं? तिने चहा दिला. तिच्याकडचा चहा पाणचट असतो, आज मी दोन कप घेतला.

१६ ऑक्टोबर, सोमवार

आला नाही. एक वाजेपर्यंत थांबले.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळी. खोली बंद. गंगा तिखट पोहे घेऊन आली, आणि खड्ड्यांकडे बघून आज काही बोलली नाही. पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, मी अजून दोन पोया घेते. एक पुरते, पण तो सवयीने दोन देतो आणि मी सवयीने घेते. दुसरी गंगाला देते.

२३ ऑक्टोबर, सोमवार

आला नाही. जत्रेला पाच आठवडे राहिले. तिकडे गोकुळदासाच्या मोबाईलवर 'होय महाराजा' चाललं असेल.

माझ्या नोकरीत एकदा एक मुलगी शाळा सोडून गेली. तिला मी सगळ्या वर्गापुढे जे सांगितलं होतं ते खरंच होतं. पुढे तिचे वडील भेटले तेव्हा म्हणाले, बाई, तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं, पण तिला तेव्हा ऐकायचं नव्हतं. मी म्हटलं, ऐकायचं नसतं म्हणूनच सांगावं लागतं. ते नमस्कार करून गेले. आज हे का आठवलं कळत नाही.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

त्याला फोन करता येत नाही. फोन सून उचलते, आणि घरात कुणाला काय ठाऊक आहे ते मला माहीत नाही. पाकीट पाठवलं तर सगळ्यांना वाटेल आत काहीतरी आहे. म्हणून पोस्टकार्ड लिहिलं. कार्ड सगळं गाव वाचतं, आणि वाचून सोडून देतं. तीन वेळा लिहून फाडलं. शेवटी हे पाठवलं:

'स. न. वि. वि. तांबडी भाजी मिळाली. या वेळी मीठ बेताचं पडलं. आपली पिशवी धुऊन ठेवली आहे. सोमवारी अकरा वाजता मी असते. मागच्या वेळी मी फार बोलले. कळावे. शालिनी.'

'फार बोलले' या दोन शब्दांवर सर्वांत जास्त वेळ गेला.

३० ऑक्टोबर, सोमवार

आला नाही. पेडण्याला कार्ड पोचायला वेळ लागतो.

६ नोव्हेंबर, सोमवार

आला. पावणेअकराला. मी जिन्याच्या वर उभी होते. वाट बघत नव्हते, खोलीत उकडत होतं.

बसल्यावर मी आधी सांगून टाकलं. म्हटलं, त्या दिवशी तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट सांगितलीत आणि मी ती ऐकली नाही, तपासली. मी चुकले. कुणापुढे असं म्हणायची मला सवय नाही, त्यामुळे ते जरा मोठ्याने म्हटलं गेलं. आणि मग, पदविकेत शिकवलेला नियम मोडून, आणखी एक वाक्य बोलले: मीही एकदा एका माणसाला सरळ खरं सांगितलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याने पोफळीची बारा रोपं नको म्हणून कळवलं.

त्याने कोण, कधी, काही विचारलं नाही. मान हलवली. मग त्याने आपलं सांगितलं.

तो जानकीकडे गेला होता. माझ्यावर रागावून गेला, असं तो म्हणाला. बाई म्हणते ना, होऊ दे एकदाचं. जानकी अंगणात पोफळं सोलत होती. त्याने उभ्या उभ्या सांगितलं, कौल डावा होता. तिने हातातली कोयती खाली ठेवली नाही.

ती म्हणाली, "माका दिसला होता. मी डाव्या खांबाकडे उभी. पाकळी माज्याच बाजून पडली."

मग तेव्हाच का बोलली नाही, असं त्याने विचारलं. तिचं उत्तर त्याने दोनदा सांगितलं, म्हणून मीही जसंच्या तसं लिहिते.

"तुमका दया इली, ती परत कशी करू? आणि घरी जाऊन मी त्येका सांगलंय, देवान उजवो दिल्यान. त्या दिसापासून तो जेवूक लागलो. सुंगटां आण म्हणून सांगी. मरूच्या आधी आठ दीस घराची कौलां परतून घेतल्यान, पावसात गळता नये म्हणून. घर अजून गळणा नाय, भावजी."

पांडुरंग रडत नव्हता. मी पाण्याचा पेला पुढे केला आणि तो मीच प्यायले.

विठू जेवला, एवढंच माझ्या डोक्यात फिरत राहिलं. सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणायला सांगत होता. 

मग मी विचारलं, आता घसा मोकळा झाला असेल? म्हणाला, नाही. जानकीने सोडवलं, पण खोटं देवाच्या नावावर बोललो होतो. ते देवापुढे सांगायला हवं. मग सांगा की, मी म्हटलं. तो माझ्याकडे वर्गातल्या ढ मुलाकडे बघावं तसं बघायला लागला.

"ज्याचा गाऱ्हाणा त्येणा घालूचा नसता, बाई. सगळ्या गावाचा मी घालतंय. माजा कोण घालतलो? गोकुळदास?"

खाली वाचनालयात कुणीतरी वर्तमानपत्राची घडी घालत होतं, तेवढाच आवाज.

मी म्हटलं, मला येत नाही, पण सांगा कसं घालतात.

त्याने चपला काढून दाराशी ठेवल्या. खिडकी पेडण्याच्या बाजूला उघडते, तिकडे तोंड करून उभा राहिला. मी शेजारी उभी राहिले, शाळेच्या प्रार्थनेला राहत असे तशी, हात मागे बांधून. त्याने ते पुढे घ्यायला लावले.

"देवा महाराजा," मी म्हटलं, "हा पांडुरंग. याने गेल्या वर्षी फेब्रुवारी महिन्यात तुझ्या नावावर खोटं सांगितलं. तुझा कौल डावा होता, याने उजवा सांगितला. हे गैर आहे."

"बाई, जरा दमान," तो हळूच म्हणाला. "देव काय नापास करणा नाय."

पुन्हा सुरुवात केली. या वेळी काय बोलले ते नीट आठवत नाही. याने खोटं सांगितलं ते स्वतःसाठी नव्हतं, त्या बाईला त्या दिवशी घरी जाऊन चूल पेटवायची होती, याला तिचं तोंड बघवलं नाही, तेवीस वर्षं दुसऱ्यांचं ओझं वाहून एकदा याचा पाय घसरला, तर ते पदरात घे, आणि याचा आवाज याला परत दे, कारण तो याचा एकट्याचा नाही. असंच काहीतरी. दर वाक्याला तो शेजारून म्हणत होता, "होय महाराजा." शेवटचं 'होय महाराजा' इतकं मोठं होतं की शिपाई पुन्हा जिन्यावर आला.

पदविकेच्या अभ्यासक्रमात यातलं काही नव्हतं. विनोदिनीला काय सांगावं याचा विचार करते आहे.

९ नोव्हेंबर, गुरुवार

विनोदिनीला सगळं सांगितलं. रागावेल अशी अपेक्षा होती. ती म्हणाली, समोरच्याचं बोलणं आपल्या शब्दांत त्याला परत द्यायचं, हाच धडा ती मला वर्षभर शिकवत होती. मी म्हटलं, मग तसं सरळ सांगायचं होतं.

एक वाक्य तिला सांगितलं नाही. पोफळींचं.

२० नोव्हेंबर, सोमवार

पांडुरंग देवळात एकटा जाऊन उभा राहून आला. आवाज येतो, पण मध्येच चिरकतो. मी म्हटलं, चिरकला तरी चालेल, लोक काही गुण देणार नाहीत. तो हसला. माझंच वाक्य मला परत केलं का, म्हणाला. जत्रेला या, असंही म्हणाला. मी म्हटलं, ते नियमात बसत नाही. "जत्रा सगळ्यांची," तो म्हणाला. "नार्व्याच्या बायलेक बंदी नाय."

२८ नोव्हेंबर, मंगळवार

गेले. विनोदिनीला विचारलं नाही. नारळ घेतला, कारण रिकाम्या हाताने देवळात उभं राहणं बरं दिसत नाही. देवळात मी फारशी जात नाही.

सभामंडपात गर्दी होती. पांडुरंग पांढरं सोवळं नेसून उभा, खोलीतल्यापेक्षा उंच दिसला. गोकुळदास शेजारी, हात बांधून, तयारीत. जाड भिंगाचा चष्मा, हिरवा सदरा. तो काही वाईट दिसला नाही, नुसता वाट बघत होता.

पांडुरंगाने सुरुवात केली आणि तिसऱ्याच शब्दाला आवाज चिरकला. मंडपात चुळबुळ झाली. गोकुळदासाने घसा खाकरला. तेव्हा डाव्या खांबाकडून एका बाईचा आवाज आला, एकटीचा, वेळेच्या आधीच: "होय महाराजा." हातात हार होता. त्यावरून ती कोण ते मला कळलं. मग सगळे म्हणाले. मग त्याचा आवाज आला. तास-दीड तास तो बोलत होता. तुयेच्या कारखान्यातून कमी केलेल्या मुलांचं, विमानतळासाठी घेतलेल्या मोपाच्या सड्यावर पिढ्यान्‌पिढ्या काजू वेचणाऱ्या बायांचं, एका म्हशीचं सुद्धा. कुणाचं काय दुखतं ते त्याला खरोखरच ठाऊक आहे.

रांगेत माझी पाळी आली. त्याने माझा नारळ हातात घेतला. ओळख दाखवली नाही. रीतीप्रमाणे हळू आवाजात विचारलं, काय म्हणून घालू? मी म्हटलं, विशेष काही नाही, सर्वसाधारण.

त्याने नारळ देवापुढे धरला.

"बा देवा महाराजा, ही लेक नार्व्याहून तुज्या पायाकडे इली हा."

होय महाराजा, लोक म्हणाले.

"हिणा जल्मभर खरा सांगल्यान. एका आपल्या माणसाकय खराच सांगल्यान. मायेन सांगल्यान. दुसरी भाषा तिका येय नाय."

होय महाराजा.

"त्या माणसान ता मनाक लावन घेतला असात, तर त्याच्या जिवाक शांती दी. आणि हिका वायच सोडव. जी रोपां लावूची रवली, ती लागां दी रे महाराजा."

लोक म्हणाले, आणि मग थांबले. पांडुरंगही थांबला. तिथली रीत अशी असावी की ज्याचं गाऱ्हाणं त्याने 'होय महाराजा' एवढं तरी म्हणायचं असतं. मी म्हटलं. पहिल्यांदा आवाज फुटला नाही, मंडपात धूप फार होता. दुसऱ्यांदा नीट म्हटलं.

डाव्या खांबाजवळच्या बाईने मला बसायला जागा करून दिली. बराच वेळ बसले. उठताना पदर ओला लागला, कुणाच्या तरी अभिषेकाचं पाणी सांडलं असेल.

४ डिसेंबर, सोमवार

पांडुरंग आज आला नाही. येणार नाही असं ठरलंच होतं. अकरा वाजता डिचोलीच्या स्टँडवरून कंडक्टरचा निरोप आला, बाईंच्या नावावर म्हापशाहून सामान आहे. सुतळीने बांधलेल्या पोत्यात पोफळीची रोपं होती, ओल्या शेवाळात मुळं गुंडाळलेली, आणि वर एक पडवळ. बारा रोपं पाठवली होती. एक वाटेत मोडलं.

आमच्याकडून भेटवस्तू घेतली जात नाही, हा नियम मला ठाऊक आहे. रिक्षा केली आणि सगळं घरी आणलं.

५ डिसेंबर, मंगळवार

सकाळी गंगाला सांगितलं, खड्डे साफ कर, लावायची आहेत. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ही काय लावायची वेळ, मार्गशीर्षात, दिवसाआड पाणी घालावं लागेल, असं बरंच बोलली. मी म्हटलं, घालीन. अकरा लावली. बारावा खड्डा तसाच आहे. तो बुजवू का, असं गंगाने विचारलं. मी म्हटलं, राहू दे, पावसाळ्यात बघू.

हात धुताना मी तिला म्हटलं, यांना फळ धरायला सहा वर्षं लागतात.

"लागूं देत," गंगा म्हणाली. "तवसर तुमी खंय जातालात?"

विचार करून मी तिला खरं ते सांगितलं. म्हटलं, कुठे नाही.

ह्यांचा रेडिओ काढून पुसला. सेल गंजले आहेत. उद्या बाजारातून आणायचे.